जुन्या बोटीची थरथर: स्टर्न ड्राइव्हचं दुखणं ओळखायचं कसं

मिशिगनमध्ये तळ्यांना तोटा नाही, आणि आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत जुनी मोटरबोट घेणारे बरेच आहेत. बोट बहुतेक वेळा सारखीच असते: १८-१९ फुटांची, फायबरग्लासची, १९८५ ते २००० च्या दरम्यान बांधलेली, ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढता येणारी. इंजिन मागच्या गादीखाली झाकलेलं असतं आणि बोटीच्या पिछाडीला धातूचा एक जाड पाय पाण्यात उतरलेला असतो. त्या पायाच्या टोकाला पंखा. या रचनेला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात.

अशा बोटीचं एक ठरलेलं दुखणं म्हणजे थरथर. हळू चालवली तर काही नाही, पण थ्रॉटल पुढे सरकवला की तळव्यांखालची फळी झिणझिणायला लागते, गादीवर ठेवलेला डबा सरकत सरकत खाली येतो आणि सुकाणू धरलेल्या हाताला मुंग्या येतात. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो पंखा बदल, दुसरा म्हणतो बेअरिंग गेलंय, तिसरा म्हणतो कपलर. तिघांचंही बरोबर असू शकतं, आणि अडचण तीच आहे. थरथर शोधायला सुरुवातीला एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. बोट तीच ठेवून ती चालवण्याची परिस्थिती एकेक करून बदलायची आणि थरथर कधी जाते, कधी वाढते ते बघायचं. निम्मं निदान त्यातच होतं.

ताकद इंजिनापासून पंख्यापर्यंत कशी जाते

स्टर्न ड्राइव्ह बाजारात आला तो १९५९ साली. स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वामॅटिक’ मांडला. त्यामागे जिम विन या अमेरिकन अभियंत्याची कल्पना होती. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, मर्क्रूझर या अमेरिकन ब्रँडचा ड्राइव्ह आला. अमेरिकेतल्या तळ्यांवर आज जुन्या बोटींत सर्वांत जास्त भेटतो तो मर्क्रूझरचाच ‘अल्फा वन’. १९८० च्या दशकात आलेला हा ड्राइव्ह १९९१ मध्ये ‘जेन टू’ रूपात सुधारला गेला. पुढचं सगळं वर्णन त्याला धरून आहे. बाकीच्या ड्राइव्हमध्ये तपशील बदलतात, तत्त्व तेच राहतं.

इंजिन बोटीच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेलं असतं. ही भिंत म्हणजे ट्रान्सम. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर कपलर असतो. त्याच्या मधोमध आतून खाचा पाडलेला एक गोल तुकडा असतो आणि तो भोवतीच्या रबराच्या आधाराने धरलेला असतो. ड्राइव्हचा शाफ्ट ट्रान्सममधून आत येऊन त्या खाचांत बसतो. वाटेत त्याला आधार देणारं बेअरिंग म्हणजे गिंबल बेअरिंग. त्याच्या लगेच मागे दोन यू-जॉइंट असतात, म्हणजे आपल्याकडे ट्रकच्या खाली असतात तेच क्रॉस. बोट वळवताना सगळा पाय डावीउजवीकडे फिरतो आणि ट्रिम करताना वरखाली होतो. तेवढं वाकूनही ताकद पुढे पोचावी म्हणून हे क्रॉस लागतात. पाणी आत येऊ नये म्हणून या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी बेलो घातलेलं असतं. पुढे वरच्या गिअरमधून ताकद उभ्या शाफ्टने खाली उतरते, खालच्या गिअरमध्ये पुन्हा काटकोनात वळते आणि पंख्याच्या शाफ्टला मिळते.

यातली एक गोष्ट निदानासाठी फार उपयोगी आहे. अल्फा वनमध्ये पुढे-मागे करणारा क्लच अगदी खाली, पंख्याच्या शाफ्टपाशी आहे. त्यामुळे गिअर न्यूट्रलला असला तरी कपलर, क्रॉस, उभा शाफ्ट आणि खालचे गिअर फिरतच असतात. थांबलेला असतो तो फक्त पंखा आणि त्याचा शाफ्ट. मर्क्रूझरच्याच ‘ब्राव्हो’त क्लच वरच्या भागात असल्याने न्यूट्रलला उभा शाफ्टही थांबतो. आपला ड्राइव्ह कोणता आहे हे आधी बघून ठेवलं की पुढच्या चाचणीचा अर्थ नीट लागतो.

थरथरीला आकडा असतो

फिरणाऱ्या प्रत्येक भागाचा स्वतःचा ठेका असतो. तो मोजता आला तर संशयितांची यादी एकदम लहान होते.

समजा इंजिन ३००० आरपीएमवर आहे. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतोय. चार सिलिंडरच्या ३ लिटर इंजिनासोबत येणाऱ्या ड्राइव्हमध्ये गिअरचं गुणोत्तर २ च्या आसपास असतं, म्हणून पंखा सेकंदाला साधारण २५ वेळा फिरतो. पंख्याचं एक पातं वाकलेलं असेल किंवा शाफ्ट वाकडा असेल तर प्रत्येक फेरीला एक झटका बसतो, म्हणजे सेकंदाला २५ झटके. घरातल्या पंख्याचं एक पातं खाली आलं की छताचा हूक जसा डोलतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे पातं हवेऐवजी पाणी कापतं, म्हणून धक्का कितीतरी जड असतो. पंख्याला पाती तीन असतील तर एकेक पातं ड्राइव्हजवळून जाताना पाण्याचा ठोका देतं. असे ठोके होतात ७५, आणि थोड्या प्रमाणात ते चांगल्या पंख्यातही असतात. क्रॉस झिजला किंवा दोन्ही क्रॉसचे कोन बिनसले की शाफ्टच्या एका फेरीत दोन हिसके येतात, म्हणजे १००. फ्लायव्हील, कपलर किंवा क्रँकच्या पुढच्या टोकाला असलेल्या बॅलन्सरचा तोल गेला असेल तर ५०.

आता जरा लक्ष द्या. फोर-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो. एक स्पार्क प्लग मेला तर इंजिनाला दर दोन फेऱ्यांनी एक खड्डा लागतो. ३००० वर हे होतं सेकंदाला २५ वेळा, आणि वाकड्या पंख्याचा आकडाही तोच. चार सिलिंडरच्या बोटीत मेलेला प्लग आणि वाकडा पंखा पायाला जवळजवळ सारखेच लागतात, त्याचं कारण हे. पंखा बदलूनही थरथर गेली नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी प्लग, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बघावी. व्ही-८ इंजिनाच्या बोटीत ही गल्लत कमी होते. तिथे गुणोत्तर दीडच्या जवळपास असतं, त्यामुळे ३००० आरपीएमला पंख्याचा आकडा ३३ च्या आसपास जातो आणि मेलेल्या सिलिंडरचा २५ वरच राहतो.

हे आकडे मोजायला आज वेगळं यंत्र लागत नाही. फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप त्याची नोंद घेऊन कोणत्या आकड्याला किती जोर आहे याचा आलेख काढून देतं. फोन मागच्या भिंतीजवळ, कडक पृष्ठभागावर चिकटपट्टीने घट्ट बसवायचा. गादीवर ठेवला तर मोजणी वाया जाते, कारण गादी अर्धी थरथर गिळते.

मात्र फोन सेकंदाला किती वेळा मोजतो हे तपासा. १०० वेळा मोजणारा फोन ५० पर्यंतचेच ठेके खरे दाखवू शकतो. त्यापुढचा ठेका खोट्या जागी उमटतो: वर सांगितलेले पात्यांचे ७५ ठोके त्याच्या पडद्यावर २५ म्हणून दिसतील आणि तुम्ही उगाच शाफ्ट वाकडा समजून बसाल. याला एक सोपी कसोटी आहे. इंजिन १०० आरपीएमने वाढवा. खरा ठेका आलेखावर उजवीकडे सरकतो, खोटा डावीकडे.

पाण्यावरच्या चाचण्या

एकाने बोट चालवायची, दुसऱ्याने मागे बसून ऐकायचं आणि लिहायचं. इंजिन पेट्रोलचं असेल तर सुरू करण्यापूर्वी ब्लोअर चालवून इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढायची. हे तपासणीच्या दिवशी करायचंच आणि एरवीही दर वेळी करायचं. झाकण उघडून फिरत्या पट्ट्याजवळ वाकायचं नाही.

पहिली चाचणी न्यूट्रलमध्ये. मोकळ्या पाण्यात थांबून इंजिन हळूहळू २००० ते २५०० पर्यंत न्या आणि लगेच खाली आणा. थरथर आली तर पंखा आणि त्याचा शाफ्ट सुटले, कारण ते फिरतच नव्हते. उरतात इंजिन, कपलर, क्रॉस आणि गिअर. थरथर आली नाही तर संशय पंख्याकडे जातो, पण पक्का होत नाही. काही दुखणी भार आल्याशिवाय बोलत नाहीत. कमजोर प्लग रिकाम्या इंजिनात व्यवस्थित पेटतो आणि बोट उचलायची वेळ आली की चुकतो. प्लग चुकतोय का हे बघायला टायमिंग लाइटचा, म्हणजे वायरीतून ठिणगी गेली की चमकणाऱ्या दिव्याचा, चिमटा एकेका वायरीवर लावून उजेड सलग पडतोय का ते बघावं. चालू इंजिनात वायर ओढून ठिणगी बघायची जुनी सवय बोटीत करू नका. बंद खोलीत पेट्रोलची वाफ असते.

दुसरी चाचणी वळणाची. मध्यम वेगात सुकाणू आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवा. सरळ चालताना शांत असलेला ड्राइव्ह वळताना गुरगुरला तर गिंबल बेअरिंग किंवा क्रॉस. बेअरिंगचा आवाज सलग असतो, जात्यात खडा अडकल्यासारखा घरघरणारा. झिजलेला क्रॉस टकटक करतो. वेगात जोरात वळवल्यावर पंखा हवा ओढून भडकतो आणि बोट हादरते ते वेगळं. इंजिनाचे आरपीएम एकदम चढले आणि ट्रिम खाली घेताच सगळं जागेवर आलं तर ते दुखणं नाही.

तिसरी चाचणी ट्रिमची. वेग तोच ठेवून ड्राइव्ह थोडा थोडा वर घ्या. कोन वाढला की क्रॉसवरचा ताण वाढतो. खालच्या स्थितीत शांत आणि वर घेताना थरथर वाढत जात असेल तर क्रॉस आणि इंजिनाचं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत असणं, यांच्यावर संशय जातो. ट्रेलरवर चढवण्यासाठी असलेल्या उंच स्थितीत ताकद लावून बोट चालवणं हे मात्र क्रॉस मारण्याचं खात्रीचं साधन आहे. तिथे खडखड झाली तर आश्चर्य मानू नका, थ्रॉटल ताबडतोब खाली घ्या.

आणि चौथी, सर्वांत स्वस्त: ओळखीच्या कोणाकडून त्याच मापाचा चांगला पंखा उसना आणून लावून बघा. थरथर गेली तर बाकी काहीच उघडायला नको.

किनाऱ्यावर, हाताने

किल्ली काढून खिशात टाका, मग पंख्याला हात लावा. पात्यांच्या कडा बोटाने चाचपा. आमच्याकडच्या सेंट क्लेअर तळ्यासारखी जागा उथळ आहे, सरासरी खोली ३ मीटरच्या जवळपास. तिथे वाळूचे उंचवटे आणि पाणवनस्पती दोन्ही आहेत, त्यामुळे पात्याची कड दुमडलेली सापडणं नेहमीचं. एका पात्याच्या टोकाजवळ काठी टेकवून ठेवा आणि पंखा हाताने फिरवून बाकीची पाती त्याच बिंदूवरून जातात का बघा. एकच पातं दूर जात असेल तर पंखा वाकलाय. पंखा काढून शाफ्टचंच टोक डोलताना दिसलं तर शाफ्ट वाकलाय. मॅन्युअलमध्ये त्याची जी मर्यादा दिलेली असते ती मिलिमीटरचा छोटा अंश असते, म्हणून डायल गेज लावून मोजणं चांगलं. डोळ्याला वाकडेपणा दिसला तर मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टवरच्या वॉशरच्या मागे बघा. मासेमारीची दोरी तिथे गुंडाळून बसते, तापते आणि ऑइल सील कापते. मग ड्राइव्हच्या तेलात पाणी शिरतं. खालचा ड्रेन प्लग थोडा सैल करून निघणारं तेल पांढुरकं, दुधाळ आहे का बघा. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं साहजिक आहे. नखाने उचलता येतील असे चकचकीत तुकडे असले तर गिअर किंवा बेअरिंग तुटायला लागलंय, आणि त्या ड्राइव्हवर पुढच्या चाचण्या करत फिरू नये.

कोकणात किंवा गोव्यात ही तपासणी करणाऱ्यांना एक जादा काम असतं. खाऱ्या पाण्यात पंख्यावर आणि बेलोच्या घड्यांत बार्नेकल, म्हणजे कठीण कवचाचे चिकटून बसणारे समुद्री जीव, चढतात. पंख्यावरचे थर तोल घालवतात, बेलोमधले त्याहून वाईट: ड्राइव्ह वळताना त्यांच्या धारदार कडा रबर कापतात.

शेवटी ड्राइव्हचा खालचा पर, पंख्याच्या खाली असतो तो, दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवा. सुकाणू स्थिर असताना ड्राइव्ह ठकठक करत हलला तर गिंबल रिंगचे, म्हणजे ड्राइव्ह ज्या कड्यात वळतो त्याचे, बुश किंवा पिना झिजल्यात. मग पर वर उचलून बघा, आणि हे करताना दुसऱ्याला ट्रान्समवर नजर ठेवायला सांगा. ड्राइव्हबरोबर ट्रान्समची भिंतच आतबाहेर होत असेल तर थरथरीचा प्रश्न यंत्राच्या पलीकडे गेलेला आहे. त्याबद्दल पुढे.

ड्राइव्ह उतरवल्यावर

वरच्या चाचण्यांत गिंबल बेअरिंग, क्रॉस किंवा अलाइनमेंटवर संशय आला तर ड्राइव्ह उतरवावाच लागतो. अल्फा वन सहा नटांवर धरलेला असतो. उतरवताना गिअर पुढच्या स्थितीत ठेवायचा आणि ड्राइव्हला खालून स्टँडचा किंवा वरून साखळीचा आधार द्यायचा. हाताने झेलण्याइतका तो हलका नाही. या ड्राइव्हला वर्षातून एकदा उतरवून आतलं बघणं हा नेमाने करायच्या देखभालीचाच भाग आहे, त्यामुळे थरथर नसली तरी हे काम वाया जात नाही.

पहिली नजर बेलोच्या आत. तिथे पाणी किंवा गंजाची लाल पूड असेल तर गोष्ट उलगडलीच: बेलो फाटलं, पाणी आलं, बेअरिंग गंजलं. मग गिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून आतली रिंग फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत आणि मुकं असतं. जराही कचकच लागली तर बदला. ते ओढून काढायला स्लाइड हॅमरचा पुलर लागतो, नवं ठोकताना योग्य मापाची गोल टोपी लागते, आणि बेलोसुद्धा त्याच वेळी नवं घालायचं. जुन्या फाटक्या बेलोमागे नवं बेअरिंग बसवणं म्हणजे तेच काम पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करणं.

क्रॉस हातात धरून सगळ्या बाजूंना सावकाश वाकवा. कुठे अडखळला, खाचेत बसल्यासारखा थांबला, तर त्यातल्या बेअरिंगच्या सुईसारख्या रोलरांनी धातूवर चरे पाडलेत. क्रॉस दाबून काढून नवे बसवता येतात. भाग महाग नाही, काम मात्र व्हाइस किंवा प्रेसवर शांतपणे करायचं.

आता अलाइनमेंट. माझ्या मते जुन्या बोटीत सर्वांत कमी केली जाणारी आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारी तपासणी हीच. यासाठी लांब गोल पोलादी दांडा मिळतो, त्याला अलाइनमेंट बार म्हणतात. तो बाहेरून गिंबल बेअरिंगमधून आत सारायचा आणि कपलरच्या खाचांत बसवायचा. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत असतील तर तो दोन बोटांनी अलगद आत जातो आणि तसाच बाहेर येतो. ठोकावा लागला तर रेष चुकली आहे, आणि ठोकून बसवायचा नाहीच. गिंबल बेअरिंग गोलाईत बसलेलं असल्यामुळे स्वतःच थोडं कलू शकतं. म्हणून बार आडवातिडवा हलकेच टकटकवून आधी बेअरिंग सरळ करून घ्यायचं, नाहीतर दोष बेअरिंगचा आणि शिक्षा इंजिनाला असं होतं.

बारच्या टोकाला ग्रीसचा पातळ हात फिरवा, आत सारा आणि सरळ बाहेर काढा. ग्रीसवर कपलरच्या खाचांचे ठसे उमटतात. ठसे चहूबाजूंनी सारखे असले तर छान. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या बाजूचं ग्रीस पुसलं गेलं असेल तर इंजिनाचं पुढचं टोक खालीवर करायला हवं. इंजिनाचे मागचे आधार ट्रान्समच्या प्लेटवर पक्के असतात, हलवता येतात ते पुढचे दोन माउंट. दोन्हींचे नट सारखेच फिरवायचे, थोडे थोडे, आणि दर वेळी बारने पुन्हा ठसा घ्यायचा. इंजिन हाताने पाव फेरी फिरवून चारही स्थितींत ठसा तपासा. एका स्थितीत चांगला आणि दुसरीत वाईट ठसा आला तर कपलर स्वतःच वाकडा आहे.

रेष चुकलेली असताना बोट चालत राहिली तर शाफ्ट दर फेरीला कपलरच्या खाचा घासतो. खाचा अ‍ॅल्युमिनियमच्या, शाफ्ट पोलादाचा, त्यामुळे हरणार कोण हे ठरलेलंच. आधी थरथर, मग जळक्या रबराचा वास, आणि एके दिवशी भर तळ्यात इंजिन किंचाळतं पण बोट जागची हलत नाही. कपलर बदलायला अख्खं इंजिन उचलून बाहेर काढावं लागतं. भागापेक्षा मजुरी जड.

इंजिनाच्या खाली काय आहे

आमच्या एका स्नेह्यांनी घेतलेल्या बोटीत आधीच्या मालकाच्या पावत्यांची पिशवी होती. त्यात कपलर बदलल्याची पावती होती, आणि नंतरच्या एका उन्हाळ्यातली तशीच दुसरी. त्यांच्याकडेही थरथर सुरू झालीच. बार आत जाईना. पुढचे माउंट वर घेऊन रेष जुळवली, बोट तळ्यावर थोडी फिरवून आणली, पुन्हा बार घातला तर रेष परत खाली गेलेली. माउंटचे जाड स्क्रू पान्याने आवळून पाहिले तेव्हा ते घट्ट होण्याऐवजी नुसते गोल फिरत राहिले. एक स्क्रू बोटांनी उचलून बाहेर काढता आला, आणि त्याच्या आट्यांत काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा भुसा भरलेला होता.

त्या काळच्या पुष्कळ फायबरग्लास बोटींच्या आत लाकूड असतं. तळाशी लांबीने जाणाऱ्या तुळया, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, आणि ट्रान्सम, दोन्ही प्लायवुडची किंवा लाकडाची आणि वरून फायबरग्लासने मढवलेली. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की बाहेरून काही दिसत नाही, आत लाकूड कुजत राहतं. त्यात गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट: लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात तितकी वाढत नाही. मुंबई-मालवणच्या बोटीत धातू आधी जातो, मिशिगनच्या बोटीत लाकूड. इंजिन कुजक्या तुळईवर उभं असेल तर कितीही अचूक जुळवा, भार आला की ते बसतं आणि रेष पुन्हा मोडते.

तपासायला साधे उपाय आहेत. प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम आणि तुळया टकटकवत जा. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, कुजक्याचा भद्द. शंकेच्या जागी बारीक ड्रिल मारा. भुसा कोरडा, फिकट आणि लाकडाचा वास असलेला असेल तर ठीक. काळपट आणि ओला असेल तर नाही. भोक इपॉक्सीने लगेच बुजवा, नाहीतर तुम्हीच पाण्याला नवी वाट करून दिली.

दुरुस्ती मोठी आहे. इंजिन बाहेर काढायचं, फायबरग्लास कापायचं, कुजकं लाकूड उपसून नवं मरीन प्लाय इपॉक्सीत बसवायचं आणि पुन्हा मढवायचं. चांगल्या हातांना हिवाळाभर पुरेल असं काम. कारखान्यात करून घेतलं तर खर्च बोटीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. इपॉक्सी टोचून कुजकं लाकूड कडक करण्याचे उपाय विकले जातात, पण इंजिनाचा भार आणि पंख्याचा ढकला सोसणाऱ्या जागी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. त्या स्नेह्यांनी तुळया स्वतः बदलल्या आणि ट्रान्सम सुदैवाने कोरडा निघाला. इंजिन परत बसवलं, बार दोन बोटांनी आत गेला, आणि थरथर थांबली.

ट्रेलरचाही यात हात असतो. बोट ट्रेलरवर ज्या फळ्यांवर टेकते त्या ट्रान्समपर्यंत पोचायला हव्यात. फळ्या आधीच संपत असतील तर इंजिन आणि ड्राइव्हचं सगळं वजन हिवाळाभर अधांतरी लोंबतं आणि जुनी बोट तिथे वाकते.

दुरुस्तीला टाकताना

हे सगळं स्वतः करायचं नसेल तरी चाचण्या स्वतः कराव्यात आणि निकाल लिहून द्यावेत. ‘बोट थरथरते’ एवढंच लिहून दिलं तर मेकॅनिक अंदाजाने सुरुवात करणार आणि अंदाजाचे तास तुमच्या बिलात येणार. त्याऐवजी असं लिहा: थरथर २८०० ला सुरू होते, न्यूट्रलमध्ये येत नाही, डावीकडे वळताना वाढते, ट्रिम वर घेतल्यावर वाढते, दुसरा पंखा लावून फरक पडला नाही, ड्राइव्हचं तेल स्वच्छ आहे. एवढ्या ओळींवरून अनुभवी मेकॅनिक सरळ ड्राइव्ह उतरवून बेलो, बेअरिंग आणि क्रॉस बघेल. काम झाल्यावर अलाइनमेंट तपासलं का हे विचारा, आणि शक्य असेल तर बार आत जाताना स्वतः उभं राहून बघा. नवा कपलर किंवा नवे माउंट बसवले असतील तर काही तास बोट चालवून झाल्यावर तपासणी पुन्हा करून घ्या, कारण नवं रबर थोडं बसतं.

जुनी बोट विकत घेण्याच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी तेवढ्या करा: ड्राइव्हचा पर उचलून ट्रान्सम हलतो का बघा, आणि पुढच्या माउंटच्या स्क्रूंना पाना लावा.